भोपळा पाठीला हवा, फळीखाली नको

गेल्या वर्षी सप्टेंबरात आम्ही उभयता मुलाकडे अमेरिकेला जाऊन आलो. परत आल्यापासून भेटेल तो विचारतो, ‘काय डॉक्टर, काय काय पाहिलंत?’ नायगारा पाहिला, उंच इमारती पाहिल्या, मोठमोठी दुकाने पाहिली. पण मनात घर करून राहिली ती एक साधी मासेमारी. आता आरोग्याच्या सदरात मासेमारीचे काय काम, असे वाचक विचारतील. थोडा धीर धरावा, एवढीच विनंती.

मुलगा ओहायो राज्यात राहतो. त्या राज्याच्या उत्तरेला ईरी नावाचे सरोवर आहे. सरोवर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तळे येते. हे तळे मात्र सुमारे २५,७०० चौरस किलोमीटरचे! आपल्या सोलापूर जिल्ह्याच्या दीडपटीहून मोठे. पलीकडचा काठ दिसत नाही, कारण पलीकडे कॅनडा हा दुसरा देश आहे. पाणी गोडे, पण लाटा समुद्रासारख्या.

या सरोवरात ‘पर्च’ नावाचा मासा मिळतो. वीतभर लांब, पिवळसर हिरवा आणि अंगावर वाघासारखे काळे उभे पट्टे. पाठीचा पर काटेरी, नीट धरला नाही तर हाताला टोचतो. उन्हाळा संपत आला की हे मासे थव्याने तळाशी गोळा होतात आणि मग तिकडची कुटुंबेच्या कुटुंबे शनिवार-रविवारी होड्या घेऊन निघतात. आजी-आजोबा, नातवंडे, शिदोरी, थर्मास, सगळे बरोबर. आपल्याकडे हुरड्याला जावे तसा हा प्रकार.

मुलाने एक जुनी सतरा फुटी होडी घेतली आहे. एका रविवारी मुलगा, सूनबाई, आठ वर्षांचा नातू आणि आम्ही दोघे असे पाच जण पोर्ट क्लिंटन गावाजवळच्या धक्क्यावर गेलो. निघण्यापूर्वी मुलाने तीन गोष्टी केल्या. सरोवरावरचा वाऱ्याचा आणि लाटांचा सरकारी अंदाज पाहिला. शेजाऱ्याला फोन करून ‘अमुक भागात जातो, चारपर्यंत परत येतो’ असे सांगितले. आणि होडीतली एक पाटी मला दाखवली. किती माणसे, एकूण किती वजन, हे त्या पाटीवर कारखान्यानेच छापलेले होते. ‘याच्यावर एक माणूस जास्त घ्यायचा नाही,’ तो म्हणाला.

मग त्याने प्रत्येकाच्या हाती एकेक जाकीट दिले. पाण्यात तरंगवणारे, ज्याला लाइफ जॅकेट म्हणतात ते. नातवाने आपले आपण घातले, पट्टे आवळले. दहा वर्षांखालच्या मुलाने एवढ्या लहान होडीत ते अंगावर घातलेच पाहिजे, असा त्या राज्याचा कायदाच आहे. मोठ्यांसाठी मात्र नियम एवढाच की, माणशी एक जाकीट होडीत हाताशी असावे. सौ.ने थोडी कुरकुर करून पंजाबी ड्रेसवर चढवले. मी मात्र ते घडी करून बाकाखाली सरकवले. ऊन होते, घाम येत होता आणि खरे सांगायचे तर लाजही वाटत होती. भीमेच्या डोहात उड्या मारून वाढलेला मी! या वयात असले कुंचडे कशाला घालू?

मुलगा चाकावर हात ठेवून नुसता बसून राहिला. मी म्हटले, ‘अरे, सुरू कर ना.’

‘बाबा, जाकीट घातल्याशिवाय इंजिन सुरू होणार नाही.’

‘अरे, मला पोहता येतं!’

‘ते मला ठाऊक आहे, मला तुम्हीच शिकवलंत. पण कसं शिकवलंत ते आठवतं का? पाठीला वाळलेला भोपळा बांधून. भोपळा काठावर ठेवून मला विहिरीत ढकललं असतंत का?’

मंडळी, चाळीस वर्षे लोकांना उपदेश करणाऱ्या या डॉक्टरापाशी उत्तर नव्हते. बाकाखालचे जाकीट काढले आणि निमूट घातले.

पुढचे तीन तास फार आनंदात गेले. सुमारे तीस-पस्तीस फूट पाण्यात नांगर टाकला. दोऱ्याला खाली शिसे, वर दोन गळ, गळाला बोटाएवढी जिवंत मासोळी. दोरा तळापर्यंत सोडायचा आणि किंचित वर उचलून धरायचा. टुकटुक असा हलका झटका आला की ओढायचे. सौ.ने जन्मात गळ धरला नव्हता, पण सर्वांत जास्त मासे तिलाच लागले. नातू मोजत होता आणि आजोबांचा आकडा मुद्दाम मोठ्याने सांगत होता. माणशी किती मासे धरायचे यालाही तिथे मर्यादा आहे, पण आम्ही काही त्या मर्यादेजवळ पोचलो नाही.

दुपारी दोनच्या सुमाराला वारा फिरला. ईरी सरोवर एवढे विस्तीर्ण असले तरी उथळ आहे. त्याची सरासरी खोली सुमारे १९ मीटर आणि आम्ही होतो तो पश्चिमेचा भाग तर त्याहून पुष्कळ उथळ. उथळ पाण्यावर वारा सुटला की लाटा चटकन उठतात, आखूड आणि उभ्या असतात, एकीतून सावरावे तोच दुसरी येते. मुलाने अंदाजात वारा वाढणार असे वाचले होते, पण तो संध्याकाळी. त्याने क्षणाचाही विचार न करता गळ गुंडाळायला लावले, नांगर उचलला आणि होडी वळवली. काठ गाठायला अर्धा-पाऊण तास लागला. होडी आपटत होती, पाणी अंगावर येत होते. सूनबाईने नातवाला दोन्ही पायांत धरले होते. सौ.चे ओठ पांढरे पडले होते. मी दोन्ही हातांनी कठडा धरून बसलो होतो.

आणि तेव्हा मला एक गोष्ट उमगली. तीच सांगण्यासाठी हा लेख. त्या अर्ध्या तासात बाकाखालचे जाकीट काढून, डोके-हात घालून, तीन पट्टे आवळून ते घालणे मला केवळ अशक्य होते. कठड्यावरचा एक हात सुटला असता तर मी आत किंवा बाहेर फेकला गेलो असतो. गरज पडल्यावर घालू, असे जे आपण म्हणतो, त्यात ‘घालू’ याला जागाच नसते. जाकीट होडीत असून उपयोगी नाही, ते अंगावर असले पाहिजे.

आम्ही सुखरूप काठाला लागलो. सूनबाईने संध्याकाळी मासे साफ करून, तिखट-मीठ-हळद लावून, रव्यात घोळवून तळले. चव आपल्या चिलापीपेक्षा नाजूक. पण माझ्या घशाखाली घास नीट उतरत नव्हता. मन चाळीस वर्षे मागे गेले होते.

तेव्हा मी नुकताच नोकरीला लागलो होतो. एका जलाशयाकाठचे प्राथमिक आरोग्य केंद्र होते. पावसाळ्याच्या तोंडावर एका संध्याकाळी लोक धावत आले. पलीकडच्या गावाला लग्नाला निघालेली होडी काठापासून हाकेच्या अंतरावर कलंडली होती. सहा-सात वर्षांच्या एका मुलीला एकाने खांद्यावर उलटी टाकून आणले होते. पाणी काढण्यासाठी तिला आधी काठावर उलटी धरून हलवले, मग पोट दाबले, मग धावत माझ्याकडे आणले. या सगळ्यात जो वेळ गेला त्यात तिला कुणी एक श्वास दिला नाही. मी प्रयत्न केला, पण उशीर झालेला होता. तिच्या वडिलांना तोंडाने सांगायचे धैर्य मला झाले नाही, मी नुसती मान हलवली. ते पट्टीचे पोहणारे होते. दोन माणसे त्यांनी ओढून काढली होती. मुलगी तिसरी. ‘पोहणाराच बुडतो’ असे आपण म्हणतो. पण पुष्कळदा पोहणारा वाचतो आणि त्याचे माणूस बुडते, हे मी त्या दिवशी शिकलो.

आता थोडे शास्त्र पाहू. माणूस बुडतो तो फार जड असतो म्हणून नव्हे. पाण्यात आपले वजन पाणीच बरेचसे तोलून धरते. डोके पाण्याबाहेर राहायला प्रौढ माणसाला वरून आधार लागतो तो साधारण तीन ते पाच किलोंचा. साधे चांगले जाकीट सात किलोंचा आधार देते. म्हणजे जगणे आणि मरणे यांत अंतर आहे ते अवघ्या चार-पाच किलोंचे. आपल्या वाडवडिलांनी ते वाळलेल्या भोपळ्याने भरून काढले. नदी ओलांडायला भोपळ्यांची सांगड बांधायचे, पोरांना पोहायला शिकवताना भोपळा नाहीतर पत्र्याचा डबा पाठीला बांधायचे. जाकीट ही काही साहेबाची नवलाई नव्हे, तो आपला भोपळाच आहे.

दुसरी गोष्ट. बुडणारा माणूस ओरडतो, हात हलवतो, असे सिनेमात दाखवतात. प्रत्यक्षात तोंड पाण्याच्या वर येते ते जेमतेम श्वासापुरते, ओरडायला सवड मिळत नाही. हात आपोआप पाणी खाली दाबत राहतात, ते वर उचलून हलवता येत नाहीत. साधारण वीस ते साठ सेकंदांत, मुकाट्याने, माणूस खाली जातो. शेजारी बसलेल्यालाही कळत नाही. ईरीसारख्या ठिकाणी वसंत ऋतूत पाणी बर्फासारखे गार असते, तेव्हा तर पाण्यात पडताच दम लागून श्वास आपोआप आत ओढला जातो आणि त्याबरोबर पाणी. पोहण्याचे कौशल्य पहिल्या मिनिटात कामाला येत नाही. आपले पाणी उबदार असले तरी अचानक पडल्यावर होणारी गाळण तीच, अंगावरचे धोतर-साडी तीच आणि मिठी मारणारे लेकरूही तेच.

तिसरी गोष्ट आकड्यांची. अमेरिकेत होड्यांच्या अपघातांची दरवर्षी मोजदाद होते. त्यांत बुडून मेलेल्या दर दहा माणसांपैकी आठांहून अधिक जणांच्या अंगावर जाकीट नव्हते. मोठ्यांना तिथे सक्ती नाही, ते होडीत असतेच, पण असते ते बाकाखाली. आपल्या देशात सरकारी नोंदीप्रमाणे २०२२ या एका वर्षात बुडून ३८ हजारांहून अधिक माणसे गेली. यांत विहिरी, नद्या, तळी, सगळे आले. साथीच्या रोगाने एवढी माणसे गेली असती तर घरोघर फवारणी झाली असती. बुडणे हा आपण रोग मानत नाही, नशीब मानतो. म्हणून तर आरोग्याच्या सदरात हा विषय.

उजनीची गोष्ट कुणाला सांगायला नको. भीमेवर धरण झाले, यशवंतसागर पसरला आणि समोर दिसणारे गाव रस्त्याने कित्येक कोस लांब गेले. तेव्हापासून होडी हीच आपली एस. टी. शाळेची पोरे, बाजारची माणसे, आजारी माणसे होडीतून येतात, मोटारसायकलीसुद्धा होडीत चढतात. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली. होडीत सात जण होते. एक जण पोहून काठाला लागला. सहा जण गेले, त्यांत दोन लहान मुले. पुढचे दोन-तीन दिवस काठावर बसलेली माणसे आपण वर्तमानपत्रात पाहिली. दोष कुणाचा, हे ठरवणे माझे काम नाही. पण दर दुर्घटनेनंतर आठ दिवस तपासण्या होतात, होड्या बंद होतात आणि मग पुन्हा जुने ते सुरू. बैल गेला आणि झोपा केला, ही म्हण आपण नुसती म्हणण्यापुरती ठेवली आहे. देशांतर्गत पाण्यातल्या जहाजांसाठी २०२१ साली नवा कायदा झाला, पण कायदा काही आपल्या अंगात जाकीट घालायला येत नाही.

यावर लोक काय म्हणतात ते मला पाठ आहे. ‘उकडतं.’ उकडते खरे, पण अर्धा तासच. ‘पैसे कुठून आणायचे?’ एका कुटुंबाने ढाब्यावर जेवण्याच्या खर्चात एक जाकीट येते आणि ते कित्येक वर्षे टिकते. ‘मी जन्म पाण्यात काढला.’ मीही काढला. ‘लोक हसतील.’ हसू द्यावेत. हेल्मेटलाही हसत होते. खरी अडचण पैशाची नाही, सवयीची आहे आणि सवय वरून खाली येते. आजोबांनी घातले की नातू घालतो, नावाड्याने घातले की उतारू घालतात. म्हणून माझे स्पष्ट मत असे की, पहिले जाकीट नावाड्याच्या अंगावर पाहिजे आणि सर्वांनी घातल्याशिवाय त्याने इंजिन सुरू करू नये. कोणी चिडले तर चिडू द्यावे. माझ्यावर माझ्या मुलाने केले तेच त्याने करावे. ग्रामपंचायतींनी प्रत्येक धक्क्यावर लहान-मोठ्या मापांची जाकिटे एका पेटीत ठेवावीत आणि प्रत्येक होडीवर माणसांचा आकडा ठळक रंगवावा. हिवाळ्यात भिगवणकडे रोहित पक्षी पाहायला जाणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावे. फोटोत जाकीट वाईट दिसते म्हणून ते काढू नये.

वाचकांनी कात्रण करून ठेवावे म्हणून काही सूचना देतो.

१. जाकीट मापाचे हवे. मुलाला घालून खांद्याच्या पट्ट्यांना धरून वर उचलून पाहावे. हनुवटी, कान आत जात असतील तर ते मोठे आहे. मुलाच्या जाकिटाला दोन पायांमधून जाणारा पट्टा असावा.

२. मे-जूनमध्ये दुपारनंतर आभाळ भरून आले, वारा पडून एकाएकी गार झाला, तर वळीव येणार असे समजावे आणि होडी सोडू नये. घरी उशीर झाला तर चालतो.

३. नावाडी किंवा उतारू दारू प्यायलेला असेल तर त्या होडीत बसू नये. होड्यांच्या जीवघेण्या अपघातांत दारू हे एक मोठे कारण असते.

४. होडी उलटली तर काठ जवळ दिसला तरी पोहत सुटू नये. उलटलेली होडी बहुधा तरंगत राहते, तिला धरून राहावे. काठ दिसतो त्यापेक्षा लांब असतो.

५. बुडणाऱ्याला वाचवायला एकदम उडी मारू नये, तो मिठी मारतो. दोर, काठी, पदर, रिकामा बंद कॅन, ट्यूब, जे असेल ते त्याच्याकडे फेकावे.

६. बाहेर काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर त्याला उलटे टांगू नये, पोट दाबू नये, चाकावर फिरवू नये, मिठाच्या ढिगात ठेवू नये. यात फक्त वेळ जातो. उताणे निजवावे, डोके किंचित मागे, हनुवटी वर. नाक चिमटीत धरून तोंडाला तोंड लावून छाती फुगेल असे पाच श्वास द्यावेत. मग छातीच्या मध्यभागी तळहाताने तीस दाब, दोन श्वास, पुन्हा तीस दाब, दोन श्वास. मदत येईपर्यंत थांबू नये. दरम्यान कुणीतरी १०८ ला फोन करावा.

७. शुद्धीवर आलेला, चालता-बोलता माणूससुद्धा दवाखान्यात दाखवावा. नाकातोंडात पाणी जाऊन खोकला किंवा धाप राहिली असेल तर काही तास डॉक्टरांच्या नजरेखाली ठेवणे भाग असते.

परत येण्याच्या आदल्या दिवशी नातू माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, ‘आजोबा, आपल्या गावच्या धरणावर मी आलो की आपण मासे धरायला जाऊ. तिथं माझ्या मापाचं जाकीट मिळतं का?’

मी ‘हो’ म्हणून बसलो. परत आल्यावर चार गावांच्या धक्क्यांवर जाऊन पाहिले. लहान मुलाच्या मापाचे एकही जाकीट मला दिसले नाही. तेव्हा पेन्शनीतून सहा जाकिटे मागवली, चार लहान, दोन मोठी, आणि आमच्या धक्क्यावरच्या नावाड्याकडे दिली. त्याने आभार मानले आणि ती फळीखाली नीट रचून ठेवली.

मी म्हटले, ‘बाबा रे, तिथं नको. अंगावर.’

तो हसला. पण दुसऱ्या दिवशी शाळेच्या पोरांची पहिली खेप निघाली तेव्हा पुढे बसलेल्या चार पोरांच्या अंगावर नारिंगी जाकिटे होती आणि पाचवे खुद्द नावाड्याच्या अंगावर. त्या होडीत पोरे अकरा होती. उरलेल्या सात पोरांना त्यांच्या मापाचे जाकीट नव्हते. ती सात जाकिटे कुणी द्यायची, हा प्रश्न मी या सदराच्या वाचकांपुढे ठेवतो.